पहिलटकरीण, म्हैस आणि जिल्ह्याची हद्द

टाळेबंदीच्या त्या उन्हाळ्यात आमच्या भागात मोकळेपणानं हिंडणारे जीव दोनच होते. एक मोकाट रेडा आणि दुसरा मी. दोघांचं कामही साधारण एकच होतं. फरक एवढाच, की त्याला पगार नव्हता आणि मला प्रत्येक चौकीवर थांबून कुठं निघालो ते सांगावं लागायचं.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो, आता निवृत्त आहे. सरकारी दवाखान्यात डिग्रीवाले मोठे डॉक्टर वेगळे असतात. मी डिप्लोमावाला. पण तुळजापूर तालुक्यातल्या माझ्या गावांनी हा भेद कधी मानला नाही, आणि म्हशींनी तर सर्टिफिकेट मागितलंच नाही. सगळे मला डॉक्टरच म्हणत.

ज्यांच्या घरी जनावर नाही त्यांच्यासाठी कामाचं स्वरूप सांगतो. गाय-म्हैस माजावर आली की तिला भरवायचं. पूर्वी वळूकडं न्यायचे, आता वळूचं वीर्य बारीक कांड्यांत गोठवून आम्हीच दारात नेतो. ते एका जाड डब्यात, द्रवरूप नायट्रोजनमध्ये ठेवलेलं असतं. खांद्यापर्यंत प्लास्टिकचा मोजा चढवायचा, हात घालायचा आणि काम करायचं. माज जेमतेम एक दिवस टिकतो. गाय हंबरून तरी सांगते, म्हशीचा माज बऱ्याचदा मुका असतो. वेळ चुकली की तीन आठवडे थांबा. त्यामुळं देश बंद असला तरी मला फिरणं भाग होतं.

पहिल्याच आठवड्यात एका चौकीवर नवीन शिपायानं मोटारसायकल अडवली.

"डब्यात काय हाय?"

मी घाईत होतो. म्हणालो, "वळू."

तो एक पाऊल मागं सरला. "उघडा बरं."

झाकण काढलं तशी पांढरी वाफ भसकन बाहेर आली. तो आणखी चार पावलं मागं गेला. लांबूनच म्हणाला, "जावा, जावा. झाकण लावा आन् मास्कबी लावा." त्याच्या दृष्टीनं मास्क मला होता की वळूला, ते मी विचारलं नाही.

फिरायची मुभा असलेला माणूस म्हणजे त्या दिवसांत देवच. गावात मला इतका भाव कधी आला नव्हता. कुणाची बीपीची गोळी, कुणाच्या चष्म्याची काडी आणि सगळ्यांची तंबाखू. एरवी मला चहा न विचारणारे लोक दारात उभे राहून तब्येत विचारू लागले. आमच्या आळीतला एक जण तर हात जोडून म्हणाला, "डॉक्टर, मला निस्तं मागं बसवा. तुळजापुरापत्तर सोडा. कुणी इचारलं तर सांगा, जनावर हाय म्हणून."

"कोणतं जनावर सांगू?"

दाराआडून त्याची बायको म्हणाली, "खरं सांगा की. गाढव हाय म्हणा."

भाव आला की माणसाला सल्ला द्यायची खाज सुटते. मला ती आधीपासूनच होती. गावात दक्षता समिती निघाली, त्यात सरपंचानं मला बसवलं. शहरातून लोक परत यायला लागले होते, त्यांचं काय करायचं यावर चावडीत चर्चा चालली होती. सगळे एकमेकांच्या तोंडाकडं, म्हणजे मास्ककडं, बघत होते. मी उठलो. म्हणालो, "यात अवघड काय आहे? लाळ्या-खुरकुताची साथ आली की आपण काय करतो? बाजारातनं आणलेलं जनावर थेट गोठ्यात घालतो का? वेगळं बांधतो. चौदा दिवस बघतो. मग दावणीला घेतो."

सगळ्यांना एकदम पटलं. माणसाचा रोग कुणाला कळत नव्हता, पण खुरकूत सगळ्यांना कळत होतं. बाहेरच्या जिल्ह्यातून येईल त्यानं चौदा दिवस जिल्हा परिषदेच्या शाळेत राहायचं असं ठरलं. वेशीवर बाभळीचे काटे टाकले, पाळीपाळीनं पोरं बसली. "कुणालाबी सूट न्हाय," सरपंच म्हणाला. "अगदी कुणालाही नाही," मी म्हणालो. टाळ्या पडल्या. अंतर ठेवून बसल्यामुळं त्या विरळ वाटल्या एवढंच.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी गुंडूआण्णा माझ्याकडं आला.

गुंडूआण्णा म्हणजे आमच्या गावचा मोजकं बोलणारा शेतकरी. बोलताना आधी टोपी काढतो, मग घालतो, मग मुद्द्यावर येतो. त्या दिवशी टोपी काढली ती हातातच ठेवली.

"शोभाचं दिवस भरत आलेत, डॉक्टर."

शोभा त्याची एकुलती एक लेक. गेल्या वर्षी लग्न झालेली, सोलापूर जिल्ह्यात दिलेली. तसं अंतर काहीच नाही, मोटारसायकलवर तासाभराची वाट. पण मधे जिल्ह्याची हद्द. नवरा ट्रकवर ड्रायव्हर, तो गुजरातेत ट्रकसकट अडकलेला. सासू नाही. घरात एकटा सासरा, माणूस देवासारखा, पण दोन्ही कानांनी बहिरा.

"कळा आल्या तर कुणाला हाक मारंल पोरगी?" आण्णा म्हणाला. "पहिलटकरीण हाय. पहिलं बाळंतपण म्हायेरीच करत्यात की. हिच्या आईनं चार दिस झालं भाकर मोडली न्हाय."

मोबाईलवर पासासाठी अर्ज केला होता, तो नामंजूर झाला होता. का, ते मोबाईलनं सांगितलं नव्हतं. हद्दीवर जाऊन विचारायची हिंमत नव्हती. तिथं काठीनं बोलतात, सोलापूरकडचा माणूस दिसला की थेट उचलून नेतात, अशा एकेक वावड्या उठलेल्या. आण्णानं आयुष्यात पोलिसाशी बोलणं केलेलं नव्हतं.

इथं शहाण्या माणसानं काय केलं असतं? मोठ्या डॉक्टरांना विचारलं असतं, आशाताईंना गाठलं असतं. मी शहाणा नव्हतो, मी हुशार होतो. हे दोन वेगळे आजार आहेत.

"आण्णा," मी आवाज खाली घेऊन म्हणालो, "माणसाला अडवतात. आजारी जनावराला कुणी अडवत नाही. सोलापूरच्या मोठ्या दवाखान्यात म्हैस न्यायची म्हणून निघू. वैनीला संगं घेऊ. म्हशीला तिच्याशिवाय कुणी चालत नाही म्हणू. येताना म्हैस, वैनी आणि शोभा. झालं."

"कोणची म्हैस?"

"मथुरा आहे की."

मथुरा आण्णाची म्हैस. हिवाळ्यात मीच तिला भरवलं होतं आणि नंतर मीच तपासून "राहिली नाही, भाकड जाणार" असं सांगितलं होतं. आण्णानं ती विकायला काढली होती, पण बाजारच बंद झाले. त्यामुळं मथुरा दावणीला बसून खात होती आणि आण्णा तिच्याकडं बघून उसासे टाकत होता. अशी मोकळी म्हैस दुसरी नव्हती.

मौलाची पिकअप ठरवली. मौला आमच्या भागातला जनावरं वाहणारा ड्रायव्हर, तोंडात सदा बडीशेप. बेत ऐकून म्हणाला, "डॉक्टरसाब, म्हशीला आपलं सोंग आवरंल का?"

"तिला काय करायचंय? नुसतं उभं राहायचंय."

"तेच म्हणतो. आपल्यापैकी तिलाच निस्तं हुभं राहता येतं."

सकाळी निघालो. पुढं मौला, आण्णा आणि मी. मागं मथुरा आणि तिच्या शेजारी सोजरवैनी, म्हणजे आण्णाची बायको, मांडीवर बाळंतविड्याची पिशवी घेऊन. पिशवीत डिंक होता, खारीक होती, अळीव होते, जुन्या लुगड्याची मऊ दुपटी होती. आजारी म्हशीबरोबर हे सामान कसं, असा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही.

तामलवाडी मागं टाकली, हद्दीची चौकी दिसू लागली. लोखंडी अडथळे, ताडपत्रीचा मांडव, एक पाण्याचा माठ. हवालदार पुढं आले. पन्नाशीचे, जाड मिशीवर मास्क ठेवलेला. म्हशीकडं त्यांनी असं पाहिलं, की मला कळलं, हा माणूस गोठ्यात वाढलेला आहे.

"कुठं निघालाव?"

मी ओळखपत्र दाखवलं. "सोलापूरला. मोठ्या दवाखान्यात. जनावर सिरियस आहे."

"काय झालंय?"

"पोट फुगलंय. कालपासून रवंथ बंद आहे."

गाय-म्हैस आजारी पडली की आधी रवंथ थांबतं. करत असली तर बहुतेक ठीक आहे. हे आमच्याकडं शाळेत जायच्या आधी पोरांना माहीत असतं. हवालदार मागं गेले. आम्हीही गेलो. मथुरा डोळे अर्धे मिटून, मान किंचित वर करून, अगदी निवांत रवंथ करत होती. तोंडाला फेस आला होता समाधानाचा.

झालं असं होतं, की सोजरवैनीला म्हशीची दया आली होती. एवढ्या लांब जायचं म्हणून निघायच्या आधी तिनं मथुरेला उसाचं वाढं पोटभर घातलं होतं. शिदोरी म्हणून.

"रवंथ बंद हाय म्हणालाव," हवालदार म्हणाले.

"आत्ता चालू झालं वाटतं."

"प्रवासानं?"

मौला खोकला. मी घाबरलो, आणि घाबरलो की मी आणखी बोलतो. "तसं नाही साहेब, मूळ दुखणं वेगळंच आहे. गाभण आहे ती. अडलीय."

"अडलीय?" हवालदारांनी वाकून बघितलं. "मग कास कुठाय? व्यायला झालेल्या म्हशीची कास अशी आसती व्हय? आमच्या बोकडाची ह्याच्यापेक्षा बरी हाय."

"वेळेच्या आधीच अडलीय."

"बरं." त्यांनी हाताची घडी घातली. "डॉक्टर हाव ना? घाला हात. मलाबी सांगा, वासरू कसं आडवं आलंय ते."

मांडवातले दोघं शिपाई उठून आले. एक दुधाचा टेम्पो थांबला होता, त्याचा ड्रायव्हरही उतरला. माझ्या नोकरीत मी हजारो वेळा हात घातला असेल, पण इतके प्रेक्षक कधी नव्हते. मौलानं पिकअपचा फाळका पाडला. मी मोजा चढवला, मथुरेची शेपटी बाजूला केली आणि चेहऱ्यावर गंभीर भाव आणून नाटक सुरू केलं.

आणि माझा हात थांबला.

आत काहीतरी होतं. चांगलं हाताला लागणारं, भरलेलं. मी पुन्हा चाचपलं. शंकाच नव्हती. नाटक विसरलो, चौकी विसरलो, आणि तीस वर्षांच्या सवयीनं ओरडलो, "आण्णा! गाभण आहे की हो! पाच महिन्यांची!"

आण्णानं टोपी काढली. "काय म्हन्ता? तुमीच तर भाकड म्हनला व्हता!"

"तेव्हा लवकर तपासली मी! घाईत होतो!"

"कसली घाई?"

"पाटलाच्या पोरीचं लग्न होतं, पंगत बसत होती!"

"आवो, म्या इकाया काढली व्हती तिला! ह्यो बंद पडला म्हणून ऱ्हायली, न्हायतर गेली आसती की खाटकाच्या दारात!"

"आण्णा, वासरू आत हललं बघा!"

"हालू द्या, आदी तुमाला हालवतो!"

हवालदार आळीपाळीनं आमच्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "एक मिंट. म्हणजे मगाशी अडली म्हणून सांगितलं तेव्हा ती गाभण हाय हे तुमाला म्हाईतच नव्हतं?"

माझा हात अजून आतच होता. त्या अवस्थेत माणसाला खोटं बोलणं अवघड जातं.

तेवढ्यात पिकअपच्या कोपऱ्यातून सोजरवैनी उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर नीट केला, मास्क खाली ओढला.

"सायेब, म्हशीला कायबी झालं न्हाय. ती आमच्यापरीस धडधाकट हाय. माझी लेक पलीकडं एकटी हाय. पहिलटकरीण. दिस भरलेत. घरात एक बहिरा सासरा सोडला तर कुनी न्हाय. तिला आनाया निगालोय. ह्या डॉक्टरला वाटलं, बाईपरीस म्हशीला लौकर सोडत्याल."

मथुरा तेवढी रवंथ करत राहिली.

हवालदार सावकाश म्हणाले, "काकी, ह्ये आदी सांगायचं की. बाळंतपणाला कोण आडवतंय? पहिलटकरणीला आनाया निगालेल्या आईला आडवीन व्हय मी? मला वर जाब द्यावा लागंल."

"म्हंजी जाऊ आमी?"

"तुमी जावा. ह्ये आण्णा जाऊ द्या, ड्रायव्हर जाऊ द्या. पलीकडच्या चौकीला मी फोन करतो." मग त्यांनी बोट उगारलं. "पण म्हैस जाणार न्हाय. बाजारबंदी हाय. आजारी आसती तर सोडली आसती. धडधाकट गाभण म्हैस जिल्ह्याभायेर न्यायची न्हाय."

"मग तिचं काय करायचं?" मी विचारलं.

"धरून बसा. जामीन म्हणून."

बांधाला पिकअप लावून मथुरेला उतरवली. पिकअप हद्दीपलीकडं गेली, सोजरवैनीनं मागं वळूनही पाहिलं नाही. आणि मी, तालुक्यातला एकमेव मुक्त संचार करणारा माणूस, एका म्हशीचं दावं धरून लिंबाच्या सावलीत बसलो.

दुपारभर तिथं होतो. जाणारे-येणारे विचारत, "म्हशीलाबी पकडलं का हो?" शिपाई सांगे, "म्हशीनं न्हाय, डॉक्टरनं गुन्हा केलाय. ती साक्षीदार हाय." मी मास्क डोळ्यांपर्यंत ओढून घेतला. तरी दोघांनी ओळखलंच आणि आमची गाय कधी भरवायला येता म्हणून विचारलं.

ऊन कलायला लागलं तसे हवालदार स्वतःच्या डब्यातली अर्धी भाकरी घेऊन आले आणि जरा अंतर राखून बसले. थोडा वेळ घुटमळले, मग म्हणाले, "डॉक्टर, येक इचारू? घरची म्हैस दोन दिस झालं खाईना म्हणत्यात."

ते तेरचे. गाव याच जिल्ह्यात, चौकीपासून फार लांब नाही. पण बंद लागल्यापासून त्यांना घरी जाता आलेलं नव्हतं, आणि रजा मिळाली असती तरी म्हाताऱ्या आईपाशी जायची त्यांना भीती वाटत होती. रोज दिवसभर लोकांना घरी जा म्हणून सांगणारा माणूस स्वतः शाळेच्या खोलीत झोपत होता.

"फोन लावा. बघू म्हैस."

त्यांनी व्हिडिओ कॉल लावला. पडद्यावर आधी छप्पर दिसलं, मग दावण, मग म्हशीचं कपाळ.

"आये, तुजं तोंड दाव की आदी."

"माजं काय बगतुस? म्हशीचं बग."

मी म्हातारीला सांगितलं, कान हातात धरा, गार आहे का गरम? शेण कसं पडलंय? पाणी किती पिते? एकेक विचारत गेलो. उन्हानं तापली होती एवढंच. अंगावर ओलं पोतं टाका, गूळ-मीठ घालून पाणी द्या, म्हणालो. म्हातारीनं पोराला विचारलं, "ह्यो डॉक्टर चांगला हाय का रं?"

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं, मग मथुरेकडं.

"चांगला हाय, आये. आत्ताच भाकड म्हैस गाभण केली ह्यानं. माज्या डोळ्यादेखत."

"आगं बया," म्हातारी म्हणाली, आणि त्या गडबडीत फोन फिरला, तिचं तोंड दिसलं. म्हातारीच्या लक्षात येऊन फोन पुन्हा म्हशीकडं वळेपर्यंत हवालदार ते बघत बसले.

दिवस कलताना पिकअप परत आली. पुढं मौलाच्या शेजारी शोभा, दोन्ही हात पोटावर, आणि तिला लागून सोजरवैनी. आण्णा मागं. सासऱ्याची सोय भावकीतल्या एका घरी लावून आले होते. हवालदारांनी शोभाला लांबूनच पाणी हवं का विचारलं, म्हशीला चढवायला स्वतः हात लावला आणि मला म्हणाले, "डॉक्टर, पुढल्या बारीला खरं बोलून बगा. लई सोपं जातं."

आम्ही गावात विजयी वीरासारखे आलो आणि काट्यांपाशी थांबलो. पोरांनी सरपंचाला बोलावलं.

"सोलापूर जिल्ह्यातनं आलाव?" सरपंच म्हणाला. "मग शाळा."

"अहो, बाईला बघा तरी," मी म्हणालो.

"बगितलं. पण कुणालाबी सूट न्हाय, हे कोण म्हणालं व्हतं?"

मी हद्द ओलांडलेलीच नाही, चौकीवरच होतो, असं सांगून पाहिलं. त्यावर समितीचं म्हणणं पडलं, की चौकी हीच सगळ्यात वाईट जागा, तिथं सगळ्या जगाचा हात लागतो. मथुरेवरही चर्चा झाली. तीही चौकीवर होती. तिला वेगळं ठेवायचं का, यावर तज्ज्ञ म्हणून माझं मत मागितलं. म्हशीला हा रोग होत नाही असं मी सांगितलं. म्हणून मथुरा घरी गेली आणि तज्ज्ञ शाळेत.

एका वर्गात आण्णा, मौला आणि मी. पलीकडच्या वर्गात शोभा आणि सोजरवैनी. वैनीनं कटकट केली नाही. वर्ग शेणानं सारवून घेता येत नाही म्हणून फरशी तीनदा धुतली, बाकं जोडून खाट केली. "गावात आली माजी पोर. आता कुटं का आसंना," एवढंच म्हणाली. नर्सबाई रोज येत, बाहेरूनच विचारपूस करत. पहिलं बाळंतपण आहे, कळा सुरू झाल्या की लगेच फोन करा, गाडी पाठवते, दवाखान्यातच न्यायचं, असं त्यांनी बजावलं होतं.

त्याच आठवड्यात शेजारच्या गावात रुग्ण सापडला. गाव हादरलं. सरपंच आमच्या खिडकीखाली आला.

"डॉक्टर, काट्यांनी भागंना. रात्री लोक काटे सरकवून येत्यात. जेसीबीनं वेशीवर रस्त्याला आडवा चर मारावा म्हन्तो."

मी गजांना धरून उभा राहिलो. इतक्या दिवसांनी कुणी सल्ला विचारत होतं. "मारा की. म्हशीला उडी मारता येऊ नये एवढा रुंद मारा. आणि खोल."

"आतल्यांना भायेर जायचं आसंल तर?"

"आतल्यानं बाहेर जायचंच कशाला?"

भिंतीपलीकडं पहिलटकरीण होती. पण माझं सगळं ज्ञान गोठ्यातलं, आणि म्हैस जिथं बांधली तिथंच विते. संध्याकाळपर्यंत चर तयार झाला. फार सुंदर चर होता.

दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळेला शोभाला कळा सुरू झाल्या.

फोन गेला, रुग्णवाहिका लगेच निघाली, आणि चराच्या पलीकडं येऊन थांबली. ड्रायव्हर खाली उतरून चराकडं बघत उभा राहिला. मौलानं शोभाला पिकअपनं चरापर्यंत आणलं. तो रुंद चर अलीकडून फारच रुंद दिसत होता. जेसीबी कुठल्या गावाला गेला होता कुणाला ठाऊक नव्हतं.

शोभा पिकअपच्या दाराला धरून उभी होती. ओठ दाबून धरलेले. वैनीनं माझ्याकडं पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर चाललं असतं.

मी चरात उडी मारली. फावडं घेऊन माती ओढायला लागलो. आण्णानंही मारली. आम्ही शाळेच्या बाहेर होतो, हे समितीतल्या एकाच्या लक्षात आलं, तो लांबून ओरडला, "ओ, तुमी कोंडलेले हाव!" मौला म्हणाला, "मग तू ये की! तू मोकळा हायस ना?"

माती ओढून किती ओढणार? तेवढ्यात डोक्यावर काहीतरी आदळलं. कडब्याची पेंढी. मग दुसरी. वर बघतो तर सरपंचाची बायको डोक्यावरून भारा उतरवत होती. ती वळायच्या आत मागून दुसऱ्या बाया आल्या, मग गडी आले. ज्याला-त्याला आपापल्या गंजीकडं पळताना मी बघत होतो. ऐन उन्हाळ्यात कडबा म्हणजे जनावराचा जीव, एकेक पेंढी मोजून टाकतात. त्या दिवशी कुणी मोजत नव्हतं. अंतर नव्हतं, निम्म्यांच्या तोंडावर मास्क नव्हता. मी खालून ओरडत होतो, "अरे, मी आहे इथं, मी आहे!" आणि पेंढ्या माझ्यावरच पडत होत्या.

"डॉक्टर, सरका की तिकडं," वरून सरपंच ओरडला. "मधे मधे काय करालाव?"

चर भरला. माणसांनी वर चढून पेंढ्या तुडवल्या. शोभा एका हातानं आईचा आणि एका हातानं सरपंचाच्या बायकोचा खांदा धरून, एकेक पाऊल टाकत, कडब्यावरून पलीकडं गेली. मधोमध एक कळ आली तशी थांबली. सगळं गावही श्वास धरून थांबलं. मग पुन्हा चालली. रुग्णवाहिकेचं दार लागलं.

दुपारी फोन आला. मुलगी झाली होती. आण्णा वर्गाच्या फळ्याला पाठ टेकून बराच वेळ बसून राहिला.

दोन दिवसांनी शोभा आणि वैनी परत आल्या. चराच्या जागी आता रस्ता होता, त्याचा ठराव कुणी केला ते मला आजवर कळलेलं नाही. सरपंच वेशीवर उभा होता. नियम नियम आहे, म्हणून चाचरत म्हणाला, "काकू, दवाखान्यातनं आलाव... म्हंजी परत चौदा दिस..."

सोजरवैनीच्या हातात दुपट्यात गुंडाळलेलं बाळ होतं. ती थांबलीसुद्धा नाही.

"चौदा? आरं, बाळंतीण सव्वा म्हयना खोलीच्या भायेर पडत न्हाय. तुजी आयबी पडली नव्हती. दाराला कडी घालून आमीच बसतो घरात. तुजं चौदा दिस त्यातच धर, आन् उरलेलं आमच्या पदरचं समज."

सरपंचानं वाट सोडली. शोभा घराकडं वळली. वैनी मात्र वाकडी वाट करून शाळेपाशी आली. आमचे दिवस पुरे व्हायचे होते, त्यात आम्ही चरात गावाच्या गळ्यात पडलेलो, म्हणून ते पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले होते. आण्णा गजांना नाक लावून उभा होता. वैनीनं इकडं-तिकडं बघितलं, अंतराचे चुन्याचे गोल ओलांडले, आणि दुपट्याचं टोक बाजूला करून बाळ खिडकीपाशी धरलं.

"बगा. पर शिंकू-खोकू नका."

आण्णानं दोन्ही हातांनी नाक-तोंड दाबून धरलं आणि पोटभर नात बघून घेतली.